दाजींची दीडशे सीसी

“बसा पाव्हणं. मागं बसून बघा एकदा,” दाजी म्हणाले.

शोरूमच्या चकचकीत फरशीवर ती गाडी उभी होती. लाल. पुढून मुखवटा चढवल्यासारखं प्लास्टिकचं आवरण, टाकी बैलाच्या वशिंडासारखी फुगलेली, आणि मागची सीट इतकी उंच नि इतकी एवढीशी, की जेवायला बसायचा पाट त्यापेक्षा ऐसपैस. मी पँट सावरून पाय टाकला, तो पलीकडं गेलाच नाही. दुसऱ्यांदाही गेला नाही. गळ्यात टाय बांधलेला तोडकर नावाचा विक्रेता धावत आला आणि त्यानं मला काखेत धरून वर चढवलं. चढलो, आणि तसाच घसरत पुढच्या रिकाम्या सीटवर येऊन आदळलो. चष्मा टाकीवर पडला.

“होतं सर असं. स्पोर्टी डिझाइन आहे ना,” तोडकर म्हणाला.

“म्हणजे मागं माणूस बसू शकत नाही,” मी चष्मा पुसत म्हणालो.

“बसतो की. पण मग त्यानं पुढच्याला घट्ट धरायला पाहिजे. तरुण मुलं त्याच्यासाठीच घेतात सर.”

दाजी हसले नाहीत. ते त्या मागच्या सीटकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मला ते चमत्कारिक वाटलं. पण मला बऱ्याच गोष्टी चमत्कारिक वाटतात.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, हणमंत साबळे. साताऱ्याच्या डेपोत ‘साबळे ड्रायव्हर’ म्हटलं की पुरे. सगळी नोकरी एसटीत गेली आणि एकदाही गाडी कुठं घासली नाही. छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला असायचा. तो त्यांच्यापेक्षा अक्काच जास्त पुसायची. ते निवृत्त झाले, डेपोत हार पडला, पेढे वाटून झाले, आणि आठवडा उलटायच्या आत त्यांनी घरात जाहीर केलं की फंडाच्या पैशातून मोटारसायकल घ्यायची. कोणती, तर ही. बाजारात नुकतीच आलेली, लाखाच्या घरात जाणारी, कॉलेजातल्या पोरांनी फळ्यावर चित्रं काढावीत अशी.

मी तेव्हा इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नव्हतं, त्यामुळं रविवारचं जेवण अक्काकडं ठरलेलं. सायकलीखेरीज दुसरं वाहन मला कधी चालवता आलं नाही. तरी या कामावर अक्कानं मलाच नेमलं होतं. आधीच्या रविवारी मी पोचलो तशी तिनं मला स्वयंपाकघरात ओढून घेतलं होतं.

“येशा, तू जा त्यांच्याबरोबर. ती गाडी त्या किमतीची नाही म्हणून सांग.”

“अक्का, मला गाडीतलं काय कळतंय?”

“नसू दे कळत. पुस्तकात वाचलेलं सांग. तू पुस्तकातलं बोलायला लागलास की ते गप्प होतात.”

“पण तुला का नकोय? त्यांचे पैसे, त्यांची हौस.”

“मला कुठं काय?” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “स्कूटर घ्या म्हणावं. निम्म्यात येती. पिशवी ठेवाय जागा असती. तू किमतीचंच बोल.”

मी किमतीचंच बोललो. शोरूमला जायच्या आदल्या दिवशी ग्रंथालयातली वाहनांची सगळी मासिकं चाळून गेलो होतो. एखादा मुद्दा सुटू नये म्हणून रात्री अंथरुणात सगळे मुद्दे पाठसुद्धा केले होते. शोरूममध्ये उभं राहिल्यावर त्यातले निम्मे आठवेनात.

“दाजी, दीडशे सीसीच्या दुसऱ्या गाड्या याच्या कितीतरी खाली मिळतात. इंजिन तेवढंच.”

“मिळत्यात.”

“आणि एवढेच पैसे घालायचे तर बुलेट येते. साडेतीनशे सीसी.”

“येती की. पण बुलेट म्हणजे धाकटी एसटीच हो. धड धड धड धड. ते आयुष्यभर ऐकलं.”

“हिला साडी गार्ड नाही.”

“हां.”

“सामानाला जागा नाही. पाणी तोंडावर... म्हणजे मागच्या चाकाचं पाणी मागच्या माणसाच्या पाठीवर उडतं, असं लिहिलंय.”

“मागच्या माणसाच्या,” दाजी म्हणाले आणि पुन्हा तसंच समाधानानं बघितलं.

तोडकर आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होता. असा पाहुणा बरोबर आला की गिऱ्हाईक जातं, हे त्याला अनुभवानं माहीत असावं. तो घाईनं म्हणाला, “काका, चालवूनच बघा ना. तुम्हाला झेपतीय का ते पण कळंल.”

“झेपती का?” दाजींनी त्याच्याकडं वरून खाली बघितलं. “लेकरा, मी खंबाटकी घाटात पन्नास माणसं घेऊन रिव्हर्स आलोय.”

गाडी फाटकापाशी आणली. दाजींनी धोतर कधी नेसलं नाही, पण त्या दिवशी ते पँटच्या पायांना क्लिपा लावून आले होते. बसले. हेल्मेट घातलं. बटण दाबलं तशी गाडी शिट्टीसारख्या बारीक आवाजात चालू झाली. क्लच दाबला, पायानं गिअर टाकला. समोर रस्ता मोकळा होता.

गाडी हलेना.

दाजी ताठ बसून समोर बघत होते. क्लच दाबलेला, इंजिन चालू. पाठीमागून एक रिक्षा गेली, एक दूधवाला गेला. तोडकर माझ्या कानाशी आला.

“सर, काकांना येतीय ना चालवायला? नाहीतर राहू दे. टाकीला ओरखडा आला तर माझ्या पगारातनं जातंय.”

मलाही कळेना. दाजींच्या मानेकडं बघत राहिलो. मान किंचित डावीकडं कललेली होती, कान मागं लावल्यासारखी. तशी मान मी शेकडो वेळा पाहिली होती. लहानपणी नव्हे, मोठेपणीच. अक्काच्या लग्नानंतर मी त्यांच्या गाडीनं कितीतरी वेळा कराडला, वाईला गेलो होतो आणि संकोचानं नेहमी पुढच्या बाकावर बसलो होतो. ते घंटीची वाट बघत होते. कंडक्टर दोरी ओढून दोनदा घंटी वाजवतो, तोवर एसटीचा ड्रायव्हर जागचा हलत नाही. रस्ता कितीही मोकळा असो. त्यांचं त्यांनाही ते कळत नसावं.

मी खिशातून ग्रंथालयातल्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फाटकाच्या लोखंडी गजावर दोनदा मारला. टण, टण.

गाडी सुटली.

तोडकर माझ्याकडं बघत राहिला. मी किल्ल्या खिशात टाकल्या. समजावून सांगायला गेलो असतो तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं, असं वाटलं.

नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. दाजी नाक्यावरून वळलेले आम्हाला दिसले नाहीत. तोडकर आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. “सर, तुमचे नातेवाईकच आहेत ना ते?” असंही त्यानं विचारून घेतलं. मग लांबून तो शिट्टीसारखा आवाज आला, आणि लाल गाडी फाटकातून आत येऊन अलगद थांबली. दाजींनी हेल्मेट काढलं. कपाळावर हेल्मेटचा वळ उमटला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याचं असेल.

“आरशात काय दिसत नाही हो हिच्या,” ते म्हणाले. “नुसतं आपलं कोपर दिसतंय.”

मला हायसं वाटलं. हाच तर माझा विसरलेला मुद्दा होता. “तेच सांगणार होतो दाजी. प्रत्येक मासिकात हीच तक्रार आहे. लाख रुपये द्यायचे आणि मागचं दिसायला नको? ही गाडी त्या किमतीची—”

“पाव्हणं,” ते म्हणाले. गाडीवरून उतरले नव्हते. तोडकर पाणी आणायला आत गेला होता. “एसटीत माझ्या डोक्यावर आरसा असायचा. बघितलाय ना? त्यात सगळी गाडी दिसायची. कोण भांडतंय, कोण वांती करतंय, कुणाचं पोर दारात आलंय. आणि घाट लागला की सगळी झोपायची. माना टाकून, तोंडं उघडी टाकून. घाटात माणसाला झोप येतीच कशी, मला कधी कळलं नाही. माझ्या जिवावर झोपायची, दुसरं काय. मी आपला आरशात एकेक तोंड बघायचो आणि पाय ब्रेकवर.”

मी पुन्हा एकदा त्या एवढ्याशा मागच्या सीटकडं बघितलं.

“एकदा तरी असं चालवायचंय, की मागं कुणी झोपलेलं नाही. बास. स्कूटरवर तुमची अक्का बसणार, पिशवी बसणार. बुलेटवर तर आख्खं खानदान बसंल. हिच्यावर कुणाला बसताच येत नाही. मी हुडकून काढलीय ही.” मग त्यांनी टाकीवर हात ठेवला. “आता सांगा, तुमच्या अक्कानं काय सांगून धाडलंय ते.”

“त्या किमतीची आहे का नाही, एवढंच.”

“मग?”

आयुष्यात मी फार कमी वेळा ठाम बोललो आहे. पुस्तक मागणाऱ्या विद्यार्थ्यालासुद्धा ‘हे वाचून बघा, कदाचित आवडेल’ असंच सांगत आलो. त्या दिवशी तोंडून शब्द निघाला, तो मी काढला की आपोआप निघाला, हे अजून मला नक्की सांगता येणार नाही.

“घ्या,” मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा अक्का दारातच उभी होती. दाजी हातपाय धुवायला मागं गेले. तिनं हळूच विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“घ्या म्हणून.”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. “बरं,” एवढंच म्हणाली आणि पानं घेतली. जेवताना दाजी गाडीबद्दल बोलत होते, अक्का वाढत होती. मी मान खाली घालून दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गाडी आली ती सोमवारी. गल्लीतली बायका-पोरं जमली. अक्कानं चाकांखाली लिंबं ठेवली, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूचा हार घातला. सगळं रीतसर. नव्या गाडीवरून आधी यवतेश्वराला जाऊन नारळ फोडायचा, हेही ठरलेलं. यवतेश्वर म्हणजे आमच्या साताऱ्याच्या डोक्यावरच. घाट चढून गेलं की देऊळ.

“बसा की काकी मागं. आता काय, हिरोइन तुम्ही,” शेजारची कुणीतरी म्हणाली. बायका हसल्या.

दाजींनी हेल्मेट हातात धरलं होतं. ते त्याचा पट्टा सारखा करत राहिले. मी अक्काकडं बघायचं टाळलं.

“मला नाही बाई त्या माळ्यावर चढता येत,” अक्का म्हणाली. “मी येते येशाबरोबर रिक्षानं. तुम्ही व्हा पुढं.”

दाजी पुढं झाले. कोपऱ्यावरच्या अस्लमची रिक्षा बोलावली. नारळ, फुलांची पुडी आणि उदबत्तीचा पुडा मांडीवर घेऊन अक्का माझ्या शेजारी बसली. रिक्षा घाट चढू लागली. माघ महिना होता, दोन्ही बाजूंचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. प्रत्येक वळणावर अक्का बाहेर डोकं काढून दरीकडं बघायची. मला वाटलं, देखावा बघतीय.

देवळापाशी गाडी नव्हती.

“साबळेमामा पुढं गेले असतील कासच्या अंगाला,” अस्लम म्हणाला. “नवी गाडी आहे, आवरत नसंल.”

आम्ही देवळासमोरच्या पारावर बसलो. अक्कानं नारळ शेजारी ठेवला. गार वारा सुटला होता, खाली सगळा सातारा पसरलेला दिसत होता. अस्लम रिक्षात पाय वर घेऊन लवंडला. बराच वेळ झाला. पुजाऱ्यानं दोनदा येऊन विचारलं, नारळ फोडायचा का. अक्का म्हणाली, मालक यायचेत.

“येतील गं. दाजींसारखा चालवणारा जिल्ह्यात नाही,” मी म्हणालो.

“ते माहितीय मला.”

थोड्या वेळानं ती आपणहून बोलू लागली. माझ्याकडं बघत नव्हती.

“लग्न झालं तेव्हा मी लई भ्यायची. मुक्कामाची गाडी असायची त्यांना. रात्रभर वाटायचं, घाट आहे, दरी आहे. तुझ्या दाजींना लग्नाआधी सगळे ‘वारा’ म्हणायचे, तुला माहिती नसंल. ट्रक चालवायचे तवा. कुणाला पुढं जाऊ द्यायचे नाहीत. माझ्या सासूबाई सांगायच्या, एसटीत लागला म्हणून माझा पोरगा जगला. मग मी देवाला एकच मागायची. आज गाडी भरून जाऊ दे. उभं राहायला जागा नसू दे. शेजारणी म्हणायच्या, साबळीण बघा एसटीच्या उत्पन्नाची काळजी करती. मागं माणसं असली की ते जपून चालवणार, मला ठाऊक होतं. आणि रिकामी गाडी डेपोला घेऊन यायचे असले, की मला घास जायचा नाही.”

ती थांबली. पदर कानावरून ओढून घेतला.

“आणि आज मागं कुणीच नाही.”

तिनं त्या रविवारी स्वयंपाकघरात किमतीचा मुद्दा पुढं केला होता आणि मी खरंच किंमत मोजत बसलो होतो. आता काय बोलावं? धीर द्यावा, तर कसला? शेवटी जे माझ्यापाशी होतं तेच दिलं. दाजी शोरूमच्या फाटकापाशी जे बोलले, ते आरशाचं आणि झोपलेल्या माणसांचं, जसं आठवेल तसं तिला सांगितलं. सांगताना दोनदा अडखळलो.

अक्कानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

“असं म्हणाले?”

“हो.”

“तुला म्हणाले. मला कधी नाही बोलले.” तिनं शेजारचा नारळ उचलून मांडीवर घेतला. “मी इकडं गाडी भर म्हणून देवाला सांगत होते आणि तिकडं ह्यांच्या डोक्यावर ते ओझं.” ती हसली की काय, मला नीट दिसलं नाही. “देव पण कुणाचं ऐकणार?”

आवाज आधी आला. मग वळणावरून लाल ठिपका. दाजी पारापाशी येऊन थांबले. हार कुठं उडून गेला होता, नुसता दोरा राहिला होता. चेहरा एखाद्या विशीतल्या पोरासारखा दिसत होता. खरं सांगतो, मला त्यांच्याकडं बघवेना. दुसऱ्याच्या खोलीत चुकून शिरल्यासारखं झालं.

“कुठवर गेला होता?” अक्कानं विचारलं.

“कासच्या तळ्यापातूर.”

“पळवली?”

“पळवली.”

“किती?”

“विचारू नको.” त्यांनी हेल्मेट काढलं, तिच्याकडं नीट बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “भ्यालीस काय गं?”

“मी कशाला भिऊ? ऊन लागलं नुसतं बसून. चला, नारळ फोडा.”

नारळ फुटला. पुजाऱ्यानं गाडीला अंगारा लावला. सगळ्यांच्या हातावर खोबरं आलं. मी आणि अस्लम रिक्षाकडं निघालो. मागं वळून बघितलं तर अक्का आलीच नव्हती. ती गाडीपाशी उभी राहून मागच्या सीटकडं बघत होती.

“हिला धरायचं कुठं?”

“हिला कुठंच धरायचं नसतं,” दाजी म्हणाले. “मला धरायचं.”

“चारचौघांत?”

“चौघं कुठायत? एक तुझा भाऊ, एक अस्लम आणि एक देव.”

“तुम्हाला मागं कुणी नको होतं ना?”

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी देवळाच्या शिखराकडं बघू लागलो.

“वर येताना नको होतं,” ते म्हणाले. “ते झालं. आता उतार आहे.”

“मी नाही झोपणार, सांगून ठेवते.”

“झोपून दाखव तिच्यावर.”

दाजींनी गाडी पाराला लावली. अक्का पारावर चढली, पदर खोचला, आणि एका अंगानं त्या एवढ्याशा सीटवर बसली. लगेच घसरून त्यांच्या पाठीवर आली. एक हात खांद्यावर, दुसरा कुठं ठेवावा हे तिला कळेना. शेवटी तो त्यांच्या पोटाभोवती गेला.

ती गाडी पुढं आणि आमची रिक्षा मागं, असे आम्ही घाट उतरू लागलो. दाजी इतके सावकाश चालले होते की गाडी मध्येच तोल सांभाळायला डुलायची. दोन वळणं अस्लमनं दम धरला.

“साहेब, लाखाची गाडी म्हणं ती?”

“हो. जवळजवळ.”

“मग मामांनी सायकलच घ्यायची की. ब्रेक मारून मारून माझा पाय दुखाय लागला. काढू का पुढं?”

मी काढ म्हणालो नाही, पण नकोही म्हणालो नाही. पुढं सरळ रस्ता लागला तसा अस्लमनं हॉर्न दिला आणि रिक्षा बाजूनं पुढं काढली. क्षणभर आम्ही शेजारी शेजारी होतो. दाजी रस्त्यावर नजर रोवून बसले होते, पन्नास माणसं घेऊन चालल्यासारखे. अक्काचं तोंड माझ्याच बाजूला होतं. डोळे गच्च मिटलेले. मग तिनं एक डोळा उघडला, आम्ही पुढं सरकतोय हे बघितलं, आणि तिचा आवाज मला रिक्षात ऐकू आला.

“अहो, रिक्षा पुढं चालली की. एसटी हाय का ही? वढा जरा.”

अस्लम हसतच होता, तेवढ्यात मागून तो बारीक शिट्टीसारखा आवाज उठला, वाढला, आणि लाल गाडी आमच्या अंगावरून अशी गेली की रिक्षाचं कापड फडफडलं. अक्काचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि ती तो सावरत नव्हती. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

“गेली हो साहेब,” अस्लम म्हणाला.